चादरीचं दुसरं टोक

वैजयंता रोकडे दमली होती. बायकामाणसं दमतातच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. रोज मरे त्याला कोण रडे. पण वैजयंताचं दमणं जरा वेगळ्या जातीचं होतं. कामाचा शीण निजलं की उतरतो, हिचा उतरत नव्हता. दुपारी भिंतीला टेकून पाय पसरले तरी तिचा उजवा खांदा वर चढलेलाच असायचा. आत्ता हाक येणार आणि आपल्याला उठायचंय, अशा बेतात ती बसायची, आणि हाक आली नाही तरी तशीच बसून राहायची.

हाक मारणारे होते हणमंत रोकडे, तिचे यजमान. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली ती हळूहळू परतली. पाय फरफटत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र छातीशी मुडपून, मूठ आवळून बसला, रुसलेल्या जावयासारखा; किती मनधरणी केली तरी उठायचं नाव नाही. व्यायाम झाले, तेलं झाली, कर्नाटकातल्या एका वैद्याचा लेपही झाला. शेवटी कुणीतरी मिरजेतल्याच मेंदूच्या संशोधन केंद्राचं नाव सांगितलं. तिथल्या डॉक्टर तस्नीम मुजावर झटका आलेल्या माणसांच्या नसा तपासत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती.

पहिल्याच दिवशी डॉक्टर वैजयंताला म्हणाल्या, "मावशी, काकांच्या जोडीला तुम्हीही बसाल का? तुलनेसाठी मला त्याच वयाचं धडधाकट माणूस लागतं. एका घरातलं, एका चुलीवरचं खाणारं असलं तर फारच बरं. दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं."

वैजयंताने त्या मागे कलणाऱ्या गुबगुबीत खुर्चीकडे पाहिलं.

"किती वेळ बसायचं?"

"तासभर तरी."

"आणि मधी उठायचं न्हाई?"

"अजिबात हलायचं नाही."

वैजयंता विज्ञानाच्या सेवेला तत्काळ तयार झाली.

दोघांच्या उजव्या हातांवर राखाडी रंगाची एकेक बाही चढवली गेली. सगळी करामत त्या बाहीत होती, आणि ती समजायला परटाच्या घरातलं माणूस लागतं. तापलेल्या इस्त्रीला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि 'आई गं' मागाहून येते. म्हणजे हात मागे घ्यायचा निर्णय मेंदूपर्यंत जातच नाही, पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू तो परस्पर निकालात काढते. बाही कोपराच्या नसेला विजेचा बारीकसा टिचका द्यायची. तो टिचका नसेतून वर मानेपाशी मज्जारज्जूत जायचा, तिथून वळून मनगटाच्या स्नायूत परत यायचा आणि स्नायू किंचित उडायचा. डोळ्याची पापणी लवायच्या आत हा फेरा पुरा व्हायचा. त्या परतीच्या उडीला डॉक्टर पडसाद म्हणत. एरवी मेंदू वरून या पडसादाला लगाम घालून असतो. पक्षाघाताच्या झटक्यात तो लगाम सुटतो, पडसाद माजतो, आणि हात आखडून बसतो.

एवढं तर जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. नवं होतं ते पुढचं. हात उचलायच्या आधी मेंदू खाली मज्जारज्जूला निरोप धाडतो, तयार राहा. त्या क्षणी टिचका दिला तर पडसाद उंच उठतो. पूर्वी ही उंची दिसायला एकाच माणसाला शेकडो टिचके देऊन सरासरी काढावी लागे. ही बाही एकेक पडसाद सुटा वाचायची. हात हलायच्या आधी मनातलं हलणं तिला दिसे, आणि ज्याचा हात हलतच नाही त्याच्याही मनातलं.

यंत्र आधी नाव घ्यायचं, मग घंटा वाजायची, आणि क्षणभराने आज्ञा यायची, 'उचला'. घंटा आणि आज्ञा यांच्या मधल्या फटीत बाही टिचका द्यायची. पडद्यावर वरची रेघ हणमंतरावांची, खालची वैजयंताची. आधी वैजयंताची पाळी झाली. तिचं नाव, घंटा, रेघ उठली, हात उठला. धडधाकट माणसाचं असतं तसं. त्या वेळी हणमंतरावांची रेघ अर्थातच ढिम्म होती. त्यांचं नाव नव्हतं, त्यांना काय पडलंय!

मग यंत्र म्हणालं, "हणमंत काका." घंटा झाली. हणमंतरावांची रेघ होती तिथेच राहिली. खालची मात्र ताडकन उठली.

डॉक्टरांना वाटलं, वायरींची अदलाबदल झाली. त्यांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. बाह्या बदलून पाहिल्या, तरी तेच. नाव नवऱ्याचं आणि तयारी बायकोची. स्वतःच्या नावाला उठली होती त्याहूनही मोठी. वैजयंता डोळे मिटून, अंग सैल टाकून पडली होती. हात तिने हलवला नव्हता. तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

"मावशी, तुम्ही बाहेर जाऊन जरा चहा घेता?" डॉक्टर म्हणाल्या.

ती परत आली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला होता. "बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर होता तेव्हा काकांची रेघ उठली. थोडीच, पण उठली. मेंदूतून निरोप येतोय, वाट अजून शाबूत आहे. आता तुम्ही आत आलात आणि..." यंत्राने पुन्हा काकांचं नाव घेतलं, घंटा झाली, आणि त्यांनी पडद्याकडे बोट केलं. रेघ सपाट पडली होती.

"म्हंजे मला बघून हात बसतोय?"

"तुम्हाला बघून नव्हे. तुमचा खांदा किंचित हलतो, श्वास बदलतो, तुम्हालाही कळत नाही. पण काकांच्या मेंदूला कळतं. हिने घेतलं काम हातात, असं समजून तो निरोपच धाडत नाही. माझा अंदाज आहे हा, छातीठोक सांगत नाही. तुम्ही दोघं काम काय करत होता?"

"लाँड्री," हणमंतराव म्हणाले. शब्द जरा घसरत यायचे, पण यायचे. "दवाखान्यांच्या चादरी. ह्या गावात दुसरं काय हाय?"

तीस वर्षं दोघांनी मिळून दवाखान्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या होत्या. लांब चादरीची घडी एकट्याने होत नाही. एका टोकाला हणमंतराव, दुसऱ्याला वैजयंता. ताण द्यायचा, झटकायची, टोकाला टोक आणायचं. बोलायचं काम नसे. भांडण झालेलं असलं तरी घडीला घडी बसायची. त्यांनी हात उचलायच्या आत तिचा उचललेला असायचा. झटका आला तोही अशीच घडी घालताना. वैजयंताने त्यांना पडताना पाहिलंच नाही. तिच्या हातातली चादर एकाएकी सैल पडली, आणि तिला कळलं. पुढे दवाखान्यांनी कागदी चादरी आणल्या, लाँड्री बंद पडली. हिच्या हातांनी मात्र ते टोक सोडलंच नव्हतं.

डॉक्टर हे कौतुकाने ऐकत होत्या. त्यांना शोध लागला होता. वैजयंताला मात्र संताप आला.

"दोन वर्स मी राबले," ती म्हणाली. "ह्यानी मान वळवायच्या आत पाणी दिलं. घास भरवला, बटनं लावली. आणि तुमचं यंत्र सांगतंय, मीच ह्यांचा हात धरून बसवला म्हणून? चोर सोडून संन्याशाला सुळी झाली ही!"

"चूक तुमची नाही, मावशी."

"मग कुणाची? तिथं तिसरं कोण हुतं?"

डॉक्टरांनी तो प्रश्न तसाच ठेवून पुढचं सांगायला घेतलं.

वाटा दोन होत्या. एक, नवराबायकोला काही महिने वेगळं ठेवायचं. पण लेक बंगळूरला एका खोलीत राहत होता, शेजारच्या बहिणीकडे हणमंतरावांना ठेवलं तरी त्यांचं करायला वैजयंताच जाणार होती, आणि केंद्रात मुक्कामाची सोय नव्हती. दुसरी वाट विचित्र होती. या पडसादाला शिकवता येतं. माणसाला त्याची रेघ समोर दाखवायची आणि ती खाली ठेवायला सांगायचं. कशी ठेवायची ते कुणी सांगू शकत नाही, पण रोजच्या सरावाने मेंदू आपली आपण युक्ती शोधतो आणि मज्जारज्जू ती पाठ करून टाकते. म्हणजे आजारी हणमंतराव आणि उपचार वैजयंतावर!

"यातून काय काय खाली येईल ते मला नेमकं सांगता येणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. "नवीन आहे हे. घरी विचार करा."

"कशाचा विचार? ह्यांचा हात येणार असंल तर करा की," वैजयंता म्हणाली. हणमंतरावांचे डोळे भरून आले. पण खरं सांगायचं तर तिने ते हातासाठी म्हटलंच नव्हतं. हा खांदा कुणीतरी खाली उतरवून देणार आहे एवढंच तिला ऐकू आलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

शिकवणी सुरू झाली. समोर पडदा, पडद्यावर हिरवी पट्टी. 'हणमंत काका' म्हटलं की आपली रेघ पट्टीच्या खाली ठेवायची. सुरुवातीला रेघ तिचं मुळीच ऐकेना. खाली ठेव म्हणावं तर दुप्पट उठायची. मग एके दिवशी तिने ठेवायचा नादच सोडला. बटण बंद केल्यावर इस्त्री कशी आपल्या आपण निवत जाते, तेवढंच डोळ्यांसमोर आणलं. रेघ उतरली. पुढे पुढे इस्त्रीचीही गरज पडेना.

आणि तिची रेघ उतरत गेली तशी वरची उठू लागली. आधी हणमंतरावांचा आंगठा सुटला. मग मूठ सैल झाली. पुढे मनगट वर आलं, आणि महिन्याभरात त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचं भांडं ओठापर्यंत नेलं. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतराव लहान पोरासारखे हसत होते. वैजयंताही हसली.

घरी आता ती झोपू लागली. दुपारची तर अशी झोपायची की दूधवाला दार वाजवून कंटाळून जायचा. खांदा उतरला होता. आरशात तिला आपली मान लांब दिसली, लग्नाच्या फोटोत होती तशी. हणमंतरावांचा चहा कलंडला तर ती बघायची. मग तिच्या मनात यायचं, चहा सांडला, पुसायला हवा. मग ती उठायची, फडकं आणायची, पुसायची. सगळं व्हायचं, पण विचाराअंती. हे विचाराअंती होणं हणमंतरावांना खटकू लागलं होतं. शेजारच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, मालूआक्काला, तर ते पहिल्याच दिवशी खटकलं होतं.

"भावजय आता साहेबीण झाली," आक्का म्हणायची. "तिला दोनदा सांगावं लागतंय."

मग न्हाणीतला प्रकार घडला. हणमंतराव आंघोळ करून उठत होते. वैजयंता टॉवेल घेऊन दारात उभी होती, अगदी हाताच्या अंतरावर. फरशीवर साबण राहिला होता. त्यांचा पाय सटकला.

वैजयंताने ते सगळं पाहिलं. पाय सरकला, अंग एका बाजूला कललं, तोंड उघडलं. हे पडतायत, असं तिच्या मनात स्वच्छ उमटलं. टॉवेल तिच्या हातात होता आणि हात जागच्या जागी होता. तो तिने आवरला नव्हता, तो आपल्या आपण उठलाच नाही.

हणमंतरावांच्या उजव्या हाताने भिंतीतला नळ पकडला. दोन वर्षं रुसून बसलेल्या त्याच हाताने, घट्ट. ते लोंबकळले, सावरले, उभे राहिले. हाताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते बायकोकडे पाहत होते.

"तू बघत उभी हुतीस," ते म्हणाले.

"मी..."

"बघत हुतीस, वैजू."

आक्का आवाज ऐकून आली आणि मग काय, आगीत तेल. नवरा पडतोय आणि बायको टॉवेल धरून उभी, ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत पोचली. वैजयंताने कुणाला उत्तर दिलं नाही. आक्काचं तिला काही नव्हतं. तिला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. ते पडत होते तेव्हा तिच्या काळजात धस्ससुद्धा झालं नव्हतं. खांद्याबरोबर आपली मायाही उतरली की काय, हे तिला कुणाला तरी विचारायचं होतं. पण असं विचारावं तरी कुणाला? लेकाला फोनवर? देवाला? देवाकडे गेलं तर तो म्हणायचा, तूच मागितलंस.

हणमंतराव चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. उजव्या हाताने जेवत, सांडत, पण तिच्याकडे काही मागत नसत. पाचव्या दिवशी केंद्रात गेल्यागेल्या ते डॉक्टरांना म्हणाले, "हिचं परत पयल्यासारखं करा."

"काका?"

"हात आला. पण बायको गेली. मला न्हाई परवडत हे. तुमचं काय उलटं सुलटं असंल ते करा आणि हिला परत आणा."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "करता येईल," त्या म्हणाल्या. "जशी रेघ खाली आणली तशी वर नेता येते. पण मावशींची वर गेली की तुमची पुन्हा खाली येईल. हात जाईल, काका."

"जाऊ दे. दोन वर्स हुताच की गेलेला."

वैजयंता आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. हा माणूस आपल्यासाठी हात द्यायला निघालाय, हे तिला कळत होतं. आणि तो हात गेला की तो पुन्हा आपल्यालाच उचलायचा आहे, हेही कळत होतं. तिला रडू यायला हवं होतं. पण नुसत्या त्या विचारानेच ती पुन्हा थकली होती.

"डॉक्टरबाई," ती हळूच म्हणाली, "एक विचारू? यंत्रात माया दिसते का?"

"नाही, मावशी. कण्यातला पडसाद दिसतो फक्त."

"मग माझी गेली का हाय, कसं कळायचं?"

डॉक्टर मुजावर हुशार बाई होत्या. उत्तर येत नाही तिथे त्या मोजमाप घेत. "आज आधी दोघांची नव्याने तपासणी करू," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी केली तशी. दोघांचीही नावं घेऊ. मग ठरवा काय ते."

बाह्या चढल्या. वैजयंता खुर्चीत मागे रेलली. पडदा आज दोघांनाही दिसत होता.

"हणमंत काका." घंटा. वरची रेघ उठली, खालची शांत राहिली. हात उचलला गेला. ठीक. पुन्हा तेच, पुन्हा ठीक. हणमंतराव पडद्यावरच्या त्या शांत रेघेकडे असे पाहत होते जणू पानातलं मीठ कुणी काढून घेतलंय.

मग यंत्र म्हणालं, "वैजयंता मावशी."

घंटा झाली. आणि वरची रेघ ताडकन उठली.

डॉक्टर पुढे झाल्या. वायरी पाहिल्या, जागच्या जागी होत्या. यंत्र पुन्हा म्हणालं, "वैजयंता मावशी." पुन्हा हणमंतरावांची रेघ उठली, स्वतःच्या नावाला उठली त्याहून उंच. जो हात पहिल्या दिवशी स्वतःच्या नावालाही उठत नव्हता, तो आता बायकोच्या नावाला तिच्या आधी तयार होत होता. चार दिवस तोंडातून शब्द नाही, आणि आत हे!

"काका, तुम्ही हलवताय का?"

"न्हाई ओ. मी गप बसलोय." हणमंतराव गोंधळले होते. "हे कसलं?"

वैजयंताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीस वर्षांत ती हजारो चादरींना उभी राहिली होती. एकाने ढील दिली की दुसऱ्याच्या हातात ताण जातो. न्हाणीतल्या दिवसापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, घरात कोण कुणाला धरून होतं ते तिला पडद्यावर दिसत होतं. ह्यांचा खांदा दुखत असेल, हे तिच्या मनात आपल्या आपण आलं, आणि आपली माया गेली का, याचं उत्तर तिला मिळालं. गेली नव्हती. हातातून उतरून ती नुसती आत बसली होती, विसाव्याला.

"यावरही लक्ष ठेवावं लागेल," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "ही सवय मुरली तर काकांना त्रास होईल. यांचीही शिकवणी लावून रेघ खाली आणावी लागेल."

"आणायलाच पायजे," वैजयंता म्हणाली. "लई दमतं माणूस ह्यानं. मला इचारा." तिने डोळे मिटले. "आणि माझी हाय तिथंच राहू द्या. वर न्यायची न्हाई."

"म्हणजे काकांची उद्यापासून सुरू करायची का?"

वैजयंता खुर्चीत आणखी मागे रेलली, पाय सैल सोडले. डॉक्टरांना वाटलं, तिला झोप लागली.

"उद्या नको," ती म्हणाली. "थोडे दिवस असू दे की. उचलू दे जरा."

यंत्राला यातलं काही कळत नव्हतं. त्याने ठरल्याप्रमाणे वैजयंताचं नाव घेतलं, घंटा वाजवली आणि म्हणालं, "उचला." वैजयंताचा हात मांडीवर निवांत पडून राहिला. पलीकडच्या खुर्चीत हणमंतरावांचा हात थरथरत, धडपडत वर आला.